शेजारच्या दुकानात स्कॅनर लागला तेव्हा

नवी वस्तू कानावर पडते ती जाहिरातीमुळे; घरात येते ती शेजाऱ्याला विचारून. कऱ्हाडच्या मंडईजवळ आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनंतर गल्ला मी सांभाळते. आमच्या पेठेत यूपीआय कसं पसरलं, ते तिथूनच पाहिलं.

एप्रिल २०१६मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं यूपीआय आणलं. सप्टेंबरात जिओचं इंटरनेट आलं, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. तरी पेठेत कुणी लगबगीनं स्कॅनर लावला नाही. नोटांच्या चणचणीत आम्ही उधारीची वही वाढवली. पहिला स्कॅनर लागला मोबाइल रिचार्जवाल्याकडे. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण तो असले उद्योग करतोच. मग मेडिकलवाल्यानं लावला. त्याच्या पासबुकात पैसे खरोखर जमा झालेले दिसले, तेव्हा आम्ही बाकीचे हललो.

एम.कॉम.ला असताना मार्केटिंगच्या पुस्तकात मी हेच वाचलं होतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या अभ्यासकांनी २५९ शेतकऱ्यांना संकरित मक्याबद्दल विचारलं होतं. त्यांचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण भरवसा बसला तो शेजाऱ्यांमुळे. अशा अनेक अभ्यासांवरून एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२मध्ये समाजाची वर्गवारी मांडली: अडीच टक्के धाडसी, साडेतेरा टक्के ज्यांच्याकडे पाहून इतर ठरवतात ते, मग ३४-३४ टक्क्यांचे दोन मोठे गट आणि शेवटी १६ टक्के मागे राहणारे. रिचार्जवाला पहिल्या गटातला, मेडिकलवाला दुसऱ्या.

आम्हा दुकानदारांना खरा धीर दिला साउंडबॉक्सनं. संध्याकाळच्या गर्दीत हात तराजूवर असतो. फोन बघायला सवड कुठे? कुणी जुना स्क्रीनशॉट दाखवून गेलं तरी रात्री हिशोब करेपर्यंत कळायचं नाही. डबा मोठ्यानं रक्कम सांगू लागला आणि ही धाकधूक संपली. जानेवारी २०२०पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्कही राहिलं नाही.

गिऱ्हाइकाची खरेदीही बदलली. पूर्वी नोट बघून मागणी व्हायची: "वहिनी, वीसची साखर द्या." आता "अर्धा किलो द्या" म्हणतात, मग सत्तावीस होवोत की तेवीस. सुट्ट्यांऐवजी चॉकलेटं गळ्यात मारायची आमची सोय गेली. शंभराची नोट मोडायची म्हटलं की माणूस जरा थबकायचा. फोनवर थबकत नाही. साबण घ्यायला आलेला जाताना शेवेचं पाकीट उचलतो. धंद्याला ते बरंच आहे. पण महिनाअखेरीला तोच माणूस "लिहून ठेवा" म्हणतो. वही काही बंद झालेली नाही.

ऑगस्ट २०२३मध्ये देशात यूपीआयचे महिन्याचे व्यवहार १,००० कोटींच्या वर गेले. तरी मागच्या आळीतल्या एक काकू रोखच देतात. त्यांना फोन वापरता येत नाही असं नाही; व्हॉट्सअॅपवर त्या माझ्यापेक्षा तरबेज. पण त्यांच्या खात्याला मुलाचा नंबर जोडलाय. चाळीस रुपये खर्चले तरी मेसेज त्याला जातो आणि संध्याकाळी "काय घेतलंस?" अशी चौकशी होते. डाळीच्या डब्यातली नोट कुणाला काही सांगत नाही.

रॉजर्स यांच्या हिशोबात काकू शेवटच्या सोळा टक्क्यांत बसतील. मला त्या मागे राहिलेल्या वाटत नाहीत. नव्या सोयीत आपलं काय जातं, हे त्यांनी नीट ओळखलंय. म्हणून माझ्यासारख्या दुकानदारांना एवढंच सांगणं आहे: स्कॅनर जरूर लावा, पण रोख घेत नाही अशी पाटी लावू नका आणि गल्ल्यात सुट्टे ठेवा.