काजव्याचा शीतल प्रकाश

मृगाच्या सरी येण्याच्या सुमारास भंडारदरा, राजमाची यांसारख्या सह्याद्रीतील परिसरात हिरडा, सादडा, जांभूळ या वृक्षांवर असंख्य काजवे लुकलुकू लागतात. ते पाहून मुले हमखास विचारतात, "या किड्याला चटका कसा बसत नाही?" निसर्गपाठाचा आरंभ या प्रश्नापासूनच करावा.

पेटत्या कंदिलाची काच हाताला पोळते. परंतु तळहातावर येऊन बसलेल्या काजव्याची ऊब मुळीच जाणवत नाही. तारेच्या विजेच्या दिव्यात खर्च होणाऱ्या शक्तीच्या शंभर भागांपैकी सुमारे पाचच भाग प्रकाशरूपाने मिळतात. उरलेली बहुतेक शक्ती उष्णतेत जाते. काजव्याच्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. म्हणून त्यास 'शीतल प्रकाश' म्हणतात.

काजवा ही माशी नसून भुंगेऱ्यांच्या वर्गातील कीटक होय. त्याच्या पोटाच्या टोकाशी, खालच्या बाजूस, प्रकाशाचे इंद्रिय असते. तेथे ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो व त्यातून प्रकाश निघतो. हा संयोग ल्युसिफरेज हे विकर घडवून आणते. प्राणवायूवाचून हा दिवा लागत नाही. कुजक्या लाकडावरील प्रकाशासही हाच नियम लागू आहे. रॉबर्ट बॉईल यांनी १६६७ साली असे लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून हवा काढून घेतली, तेव्हा प्रकाश मावळला. हवा आत सोडताच तो पुन्हा दिसू लागला. पावसाळ्यात भीमाशंकरच्या अरण्यात रात्री चमकणारे लाकूड याच प्रकारचे असून ती चमक बुरशीची असते.

काजव्याचा प्रकाश ही त्याची भाषा आहे. नर उडता उडता ठरावीक अंतराने लुकलुकतो आणि मादी झुडपावरून वा गवतातून तशीच खूण देऊन उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे असते. तेवढ्या अवधीत ही खूण एकमेकांस दिसली नाही, तर अंडी घातली जात नाहीत व पुढील वर्षी त्या झाडावर काजवे कमी होतात. काजवे पाहण्यास येणाऱ्यांच्या मोटारींचे व विजेऱ्यांचे झोत नेमके हेच संभाषण तोडतात. पायदळी तुडविलेल्या गवतात बसलेल्या माद्याही चिरडल्या जातात.

म्हणून शिक्षकांनी मुलांस काजवे बाटलीत भरण्यापासून परावृत्त करावे. पालकांसह गावाच्या कडेला अंधारात, पायवाटेवरच स्वस्थ उभे राहण्यास सांगावे. दोन लुकलुकींमधील अंतर मनात अंक मोजून टिपावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नोंदी ताडून पाहाव्यात. काजव्याची अळी ओलसर पालापाचोळ्यात राहते व गोगलगाई खाऊन वाढते. सबब शाळेच्या आवारातील एका कोपऱ्यातील पाचोळा न जाळता तसाच राहू द्यावा. ज्या मुलाने काजव्यास न पकडता पाहिले, त्याला हा पाठ खरा समजला.