रात्रपाळी, निद्रा आणि अवधान

गतवर्षीच्या जमाखर्चाची पाने वाचून काही सभासदांनी आस्थेने विचारणा केली, की रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीवर संस्थेने खर्च का करावा? रात्रपाळीचे वेतन मुळात जागे राहण्यासाठीच दिले जाते ना? प्रश्न रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मात्र याचे उत्तर हिशेबाच्या वहीत नसून मानसशास्त्रात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माणूस एकतर जागा असतो किंवा निजलेला, अशी आपली ढोबळ समजूत असते. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती हा भेद आपल्या उपनिषदांनी फार पूर्वी केला. हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद घेतली आणि या अवस्था कागदावर उमटू लागल्या. परंतु रुग्णालयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते जागृतीच्या आतले चढउतार. डोळे उघडे असणे वेगळे आणि अवधान शाबूत असणे वेगळे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या हातून खुणा निसटू लागल्या. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्याचा शोध घेण्यासाठी एक साधे घड्याळ योजले. त्याचा काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरके. क्वचित एकदम दोन टप्पे उडी घेई. तेवढी उडी दिसताच कळ दाबायची, असे दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. ही माणसे आळशी नव्हती आणि झोपलेलीही नव्हती. क्वचितच घडणाऱ्या गोष्टीची एकसुरी वाट पाहणे हेच मनाला जड जाते. आपण ज्याला ‘अतिदक्षता विभाग’ म्हणतो, तेथील परिचारिका रात्रभर याहून वेगळे काय करीत असते?

त्यात निद्रेची थकबाकी मिळाली म्हणजे प्रकरण बिकट होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निरोगी व्यक्तींना सलग १४ रात्री सहाच तास झोपू दिले. अखेरीस त्यांची अवधानक्षमता एक-दोन रात्री अखंड जागलेल्या माणसाइतकी खालावली होती. गंमत अशी, की आपण फारसे पेंगुळलेले नाही असेच त्यांना वाटत होते! व्यापारातील थकबाकी निदान खातेदाराला ठाऊक असते. ही मात्र त्याच्या नकळत साचते, कारण हिशेब ठेवणारा मेंदूच थकलेला असतो. “मला सवय आहे, साहेब,” हे उत्तर म्हणूनच प्रामाणिक असले तरी भरवशाचे नव्हे.

ऑस्ट्रेलियात १९९७ साली असे आढळले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. २००४ साली बोस्टन येथील अतिदक्षता विभागांत केलेल्या अभ्यासात, २४ तास व त्याहून दीर्घ पाळ्यांच्या जुन्या पद्धतीत शिकाऊ डॉक्टरांच्या हातून होणाऱ्या गंभीर चुका, पाळ्या लहान केलेल्या पद्धतीपेक्षा ३६ टक्के अधिक भरल्या. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमानही उतरते आणि देहातील घड्याळ निद्रेकडेच ओढते. चहाने झोपेची जाणीव काही काळ मागे सरते, एवढेच.

यावर उपाय खर्चाचा आहे, पण फार खर्चाचा नाही. पाळीच्या मध्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत वीसेक मिनिटांची डुलकी आणि तेवढ्या वेळेपुरती बदली परिचारिका. गाढ झोपेतून दचकून उठलेल्या व्यक्तीचे भान काही मिनिटे धूसर राहते. त्यामुळे उठल्याबरोबर तिने औषधाची मात्रा मोजू नये, तोंड धुऊन थोडे थांबावे. पहाटेच्या वेळी जोखमीच्या इंजेक्शनाची कुपी व मात्रा दोघांनी स्वतंत्रपणे पडताळावी. वरिष्ठांनीही रिकाम्या खुर्चीकडे पाहून कामचुकारपणाचा शेरा मारण्यापूर्वी विश्रांतीची वेळ लिहिलेली नोंदवही पाहावी.

विश्रांतिकक्षाचा आणि बदली परिचारिकांचा खर्च आजवर ‘कर्मचारी कल्याण’ या शीर्षाखाली दाखविला जात असे. यंदाच्या हिशेबात तो ‘रुग्णसुरक्षा’ या शीर्षाखाली घेतला आहे. सभासदांनी तो तेथे पाहावा.