पॉलिग्राफ : यंत्र खोटे पकडते की भीती?

ऑक्टोबर 2020 मध्ये हाथरस प्रकरणात उत्तर प्रदेश सरकारने आरोपी आणि पोलिसांबरोबरच पीडितेच्या कुटुंबीयांचीही पॉलिग्राफ आणि नार्को चाचणी करण्याचे जाहीर केले. कुटुंबाने नकार दिला. ‘खरे बोलतात तर घाबरायचे कशाला?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर कार्यकर्त्यांना माहीत हवे.

पॉलिग्राफ यंत्र खोटेपणा मोजत नाही. ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि बोटांना सुटणारा घाम यांतले बदल टिपते. खोटे बोलणारा घाबरतो, एवढाच त्यामागचा तर्क. पण पोलिसांसमोर खरे बोलणाराही घाबरतो. ज्याने आधी ठाण्यातून अपमान होऊन परत यावे लागणे अनुभवले आहे, तो तर अधिकच.

वाद पद्धतीवरही आहे. सर्वाधिक वापरात असलेल्या पद्धतीत ‘आयुष्यात कधी कुणाला फसवले का?’ अशा प्रश्नावरची प्रतिक्रिया गुन्ह्याच्या थेट प्रश्नाशी ताडून पाहतात. निर्दोष माणूस थेट प्रश्नाने कमी अस्वस्थ होईल, असे त्यात गृहीत धरलेले असते. याला पर्याय म्हणून मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिक्केन यांनी 1959 मध्ये दुसरी पद्धत मांडली. फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असणारा तपशील इतर पर्यायांत मिसळून विचारायचा. मात्र तो तपशील बातम्यांत आला की ही पद्धत निरुपयोगी ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा 2003 चा अहवाल सांगतो की, एखाद्या घटनेच्या तपासात पॉलिग्राफ निव्वळ अंदाजापेक्षा बरे, पण अचूकतेपासून खूप दूर आहे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात निकाल दिला. संविधानाच्या कलम 20(3) आणि 21 च्या आधारे न्यायालयाने सांगितले :

• आरोपी असो, संशयित असो वा साक्षीदार, कुणावरही ही चाचणी सक्तीने करता येणार नाही.
• आरोपीची संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली पाहिजे, त्याला वकील मिळाला पाहिजे.
• संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा ठरत नाही. मात्र त्या माहितीवरून पुढे काही सापडले, तर ते पुरावा म्हणून येऊ शकते.

शेवटचा मुद्दा अनेकदा सांगितला जात नाही. म्हणून संमतीपत्र पुढे आले, तर सही करण्याआधी वकिलाशी बोला. नकार देणे हा हक्क आहे, गुन्ह्याची कबुली नव्हे.