डोंगरपायथ्याचे दर्यावर्दी

भिवपुरीत क्षितिज नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला माथेरानचा डोंगर, मध्ये उल्हासच्या खोऱ्यातली भातखाचरं. आकाश आणि जमीन एका सरळ रेषेत भेटताना दिसावीत अशी जागा शोधून सापडत नाही. एरवी याचं कुणाला दुःख असण्याचं कारण नाही. पण जहाजावरच्या नेव्हिगेशन अधिकाऱ्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलाला क्षितिज हे पाटी-पेन्सिलीइतकंच आवश्यक असतं, आणि अशा मुलांना घडवण्याचा उद्योग याच कर्जत तालुक्यात चालतो.

अँग्लो-ईस्टर्न या मोठ्या जहाज-व्यवस्थापन कंपनीची मेरिटाइम अकादमी 2009 पासून कर्जतमध्ये आहे. घाट चढून गेलात की लोणावळ्याजवळ टाकवे खुर्दला ‘समुंद्रा’ संस्था, पुढे तळेगावजवळ इंदुरीला 1998 मध्ये सुरू झालेली तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट, आणि पुण्याच्या पलीकडे लोणी काळभोरला ‘मॅनेट’. नकाशावर या जागा जोडत गेलं तर रेघ समुद्राकडे पाठ करून देशावर चढत जाते. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून मोठी किनारपट्टी असताना असं का व्हावं, याचा शोध घेतला तर आपल्या सागरी शिक्षणाचा सगळा इतिहासच हाती लागतो.

हा इतिहास सुरू होतो तो मुंबईच्या बंदरात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात खलाशांची कमतरता नव्हती. रत्नागिरीच्या खाड्यांमधली कोकणी माणसं, त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने, पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या डेकवर राबत होती. सारंग आणि तांडेल हे त्यांचे मुकादम. बोट हाकायची अक्कल त्यांच्याकडे होती, पण ब्रिजवर उभं राहून हुकूम देण्याचा परवाना नव्हता. तो साहेबाचा. 5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा त्या धाडसात मोठा वाटा. जहाज देशी झालं, पण ते चालवायला देशी अधिकारी कुठून आणायचे? ही मागणी मग कायदेमंडळात पोचली, समिती बसली, आणि 1927 मध्ये ‘डफरिन’ हे जुनं सैनिकवाहू जहाज माझगावसमोर नांगरून त्यावर हिंदी मुलांची शाळा सुरू झाली. पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी 1958 मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

‘डफरिन’नंतर 1972 मध्ये ‘राजेंद्र’ आली. 1993 मध्ये मात्र शाळा पाण्यातून बाहेर पडली आणि नेरूळच्या करावे भागात इमारतींत गेली. नाव ‘टी. एस. चाणक्य’, म्हणजे ट्रेनिंग शिप चाणक्य. जहाज नाही, पण पाटीवरचं जहाज कायम आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातच न्हाव्याला सर मोहम्मद युसुफ यांनी 1910 मध्ये काढलेली ‘टी. एस. रहमान’ याहूनही जुनी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरकारने खासगी संस्थांना दार उघडलं आणि चित्र पालटलं. नौवहन महासंचालनालयाची अट निवासी शिक्षणाची. वसतिगृह, परेड ग्राउंड, पोहण्याचा तलाव, वर्कशॉप, लाइफबोट उतरवण्याची सोय. एवढी जागा मुंबईत कोण देणार? कर्जत-खालापूरला ती मिळाली. शिकवायला लागणारे निवृत्त कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर नवी मुंबई, ठाणे, पुण्यात राहणारे, आणि कंपन्यांच्या कचेऱ्या मुंबईत. लोकल आणि एक्स्प्रेसवे दोन्ही हाताशी. मुंबईला जे हवं पण ठेवायला जागा नाही, ते या पट्ट्यात आणून ठेवायची रीत तशी जुनीच. टाटांनी भिवपुरीच्या पायथ्याशी वीजघर बांधलं ते 1922 मध्ये, घाटमाथ्यावरचं पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्या चालवायला. मग फार्महाउस आली, स्टुडिओ आले, इंजिनिअरिंग कॉलेजं आली. दर्यावर्दीही त्याच वाटेने आले.

आता या शिक्षणात नेमकं असतं काय, ते जरा जवळून पाहू. बारावीला भौतिक, रसायन, गणितात साठ टक्के, इंग्रजीत पन्नास. मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची, म्हणजे आयएमयूची, सामायिक परीक्षा. पुढे दोन मुख्य वाटा. एक वर्षाचा डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स, ज्याला सगळे ‘डीएनएस’ म्हणतात, आणि त्यानंतर दीड वर्ष जहाजावर कॅडेट म्हणून. किंवा तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स आणि नंतर एक वर्षाची समुद्रसेवा. दोन्हींचा शेवट एकाच दाराशी होतो. मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटची, म्हणजे एमएमडीची, सेकंड मेटची परीक्षा. ती पास झाला की कॅडेट थर्ड ऑफिसर म्हणून ब्रिजवर उभा राहू शकतो.

कॅम्पसमधलं वर्ष पहाटे पीटीने सुरू होतं. पांढरा युनिफॉर्म, बुटांना आरसा करणारं पॉलिश, रात्री ठरल्या वेळी दिवे बंद. बाहेरच्याला हे एनसीसीचं लांबलेलं शिबिर वाटेल. पण यात हिशेब आहे. चोवीस तास चालणाऱ्या जहाजावर कुणीतरी मध्यरात्री बाराला उठून चारपर्यंत शुद्धीवर राहणार असतो. ती सेकंड ऑफिसरची वॉच. आठ ते बारा थर्ड ऑफिसरची, चार ते आठ चीफ ऑफिसरची, आणि हे चक्र दिवसातून दोनदा. पहाटे तीन वाजता डोळे उघडे ठेवण्याची सवय पुस्तकाने लागत नाही.

आणि मग सेक्स्टंट. हातात धरायचं पितळी-काचेचं यंत्र, सूर्याची किंवा ताऱ्याची उंची कोनात मोजणारं. भर दुपारी सूर्य माथ्याशी पोचतो तेव्हाची उंची मोजायची, नॉटिकल अल्मनॅकमधून त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, घ्यायची आणि वजाबाकी करून आपला अक्षांश काढायचा. भिवपुरीचा अक्षांश सुमारे 18 अंश 58 कला उत्तर. 22 डिसेंबरला सूर्य दक्षिणेला 23 अंश 26 कलांवर असतो. म्हणजे इथे दुपारी तो सुमारे 47 अंश 36 कला उंच दिसायला हवा. एका कलेची चूक झाली तर जहाज एक सागरी मैल, म्हणजे 1852 मीटर, चुकीच्या जागी दाखवलं जातं. रेखांशाचं तर आणखी नाजूक. घड्याळ चार सेकंद चुकलं की एक कला गेली.

पण ही उंची मोजायची कशापासून? क्षितिजापासून. आणि ते इथे नाही! याला जुना तोडगा आहे. पसरट भांड्यात पारा किंवा काळं तेल घ्यायचं, त्यात सूर्याचं प्रतिबिंब पाहायचं आणि खरा सूर्य व प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा. तो बरोबर दुप्पट येतो, म्हणून निम्मा करायचा. डिसेंबरात हा दुप्पट कोन पंचाण्णव अंशांच्या आसपास भरतो, सेक्स्टंटच्या कमानीत मावतो. मे महिन्याच्या मध्याला, शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य भिवपुरीच्या थेट डोक्यावर असतो. दुप्पट कोन एकशेऐंशीच्या घरात जातो आणि सेक्स्टंट हात टेकतो. कर्जतच्या शेतात उभं राहून खगोलीय नेव्हिगेशनची मर्यादा इतकी स्वच्छ समजते, हे मला तरी फार आवडतं. क्षितिजाचा खरा अनुभव मात्र कॅडेटला पहिल्या बोटीवरच मिळतो, हेही तितकंच खरं.

‘जीपीएस असताना हे कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. कागदी नकाशांची जागा ‘एक्डिस’ या इलेक्ट्रॉनिक पडद्याने घेतली. 2012 ते 2018 या काळात तो बहुतेक मोठ्या जहाजांवर टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. म्हणूनच आता सेक्स्टंटपेक्षा सिम्युलेटरवर जास्त वेळ जातो. अंधाऱ्या खोलीत अर्धवर्तुळाकार पडदा, त्यावर सिंगापूरची सामुद्रधुनी, समोर चाळीस जहाजांचे दिवे. बाहेर पाऊस आणि बेडकांचा आवाज. यात खोटं काही नाही, कारण चूक करण्याची मुभा तिथेच मिळते.

पण पडदा आला म्हणून अक्कल आली असं नाही. 25 जुलै 2020 ला ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं अजस्र जहाज मॉरिशसच्या प्रवाळखडकावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात सांडलं. कॅप्टन भारतीय होता. चौकशीतून जे पुढे आलं ते वाचून अंगावर काटा येतो. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं गेलं, आणि त्या किनाऱ्याचा पुरेसा मोठ्या प्रमाणाचा नकाशा ब्रिजवर नव्हता. म्हणजे यंत्र शाबूत होतं आणि माणूस ढिला होता. डोळे उघडे ठेवा, हे सांगणारा आंतरराष्ट्रीय नियम पाचवा. समुद्रावरच्या टक्करी टाळण्याचे हे नियम 1972 सालचे, आज त्यांची संख्या 41. कॅडेट त्यांना ‘रूल ऑफ द रोड’ म्हणतात आणि झोपेतही घोकतात. एमएमडीच्या तोंडी परीक्षेत, म्हणजे ओरल्सला, परीक्षक दिव्यांची छोटी मॉडेल समोर ठेवतो. लालावर पांढरा? पायलट बोट. पांढऱ्यावर हिरवा? ट्रॉलर. उभे दोन लाल? ताबा सुटलेलं जहाज. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. एक उत्तर अडखळलं की पुढच्या महिन्यात या. याबाबतीत आपली परीक्षा कडक आहे आणि ती तशीच राहावी.

जगात या पेशाचा पसारा केवढा आहे? बिम्को या जहाज व्यवसायातल्या संघटनेच्या 2021 च्या अहवालाने जगातले खलाशी-अधिकारी मिळून सुमारे 18.9 लाख धरले, त्यांत अधिकारी साडेआठ लाखांच्या वर. पहिल्या पाच पुरवठादार देशांत भारत आहे. राधिका मेनन या भारतीय मर्चंट नेव्हीतल्या पहिल्या महिला कॅप्टन. 2015 मध्ये त्यांनी बंगालच्या उपसागरात खवळलेल्या पाण्यातून सात मच्छीमारांना वाचवलं आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तरी ब्रिजवर मुली अजून अपवादानेच दिसतात.

आता कडू भाग. अभ्यासक्रम पुरा करणं आणि जहाज मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅडेटसाठी जहाजावर बंक लागतो, ट्रेनिंगची जबाबदारी घेणारी कंपनी लागते. कंपन्यांच्या स्वतःच्या अकादम्यांत प्रवेश म्हणजे बहुधा स्पॉन्सरशिप, आणि स्पॉन्सरशिप म्हणजे पुढची बोट. ज्यांच्याकडे ती नाही, ती मुलं डिप्लोमा घेऊन सीबीडी बेलापूर आणि अंधेरीच्या कचेऱ्यांचे जिने झिजवतात. इथेच दलाल भेटतो. ‘दोन लाख दे, पुढच्या आठवड्यात जॉइन.’ कधी बोगस सीडीसी, म्हणजे खलाशाचं सेवापुस्तक, कधी कुठल्यातरी अनोळखी देशाचा झेंडा लावलेली जुनाट बोट, पगार नाही आणि परत यायला तिकीट नाही. नोकरी लावून देण्याचे पैसे घेणं कायद्याने गुन्हा आहे, हे गावच्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि हे गावचं पोरगं किती पोचतं? अकादमीच्या गेटबाहेर चहाची टपरी, रिक्षा, लाँड्री, मेसला भाजी देणारा शेतकरी, हा स्थानिकांचा व्यवहार दिसतो. परेडला उभी असलेली रांग मात्र बहुतांशी देशभरातून आलेली. कोकणातल्या मुलांचा ओढा आजही जीपी रेटिंगकडे, म्हणजे खलाशी होण्याकडे. त्यात कमीपणा काही नाही. पण रत्नागिरीच्या तांडेलाचा नातू शंभर वर्षांनी पुन्हा डेकवरच, आणि ब्रिजवर दुसराच कुणी, हे मनाला खटकतं. कारण पैसा आहेच. त्याहून मोठं कारण माहितीचं. नेरळ, कर्जत, खोपोलीच्या ज्युनिअर कॉलेजांत जेईई-नीटचे बोर्ड शंभर लागतात, आयएमयूच्या परीक्षेचा एकही नाही. संस्था इथली जागा घेतात, पाणी घेतात. वर्षातून एक दिवस इथल्या बारावीच्या मुलांना सिम्युलेटरवर उभं करणं त्यांना जड जाऊ नये.

तोवर कर्जत-खालापूरच्या पालकांना चार गोष्टी सांगून ठेवतो. फी भरण्याआधी मुलाचे डोळे तपासून घ्या. डेकच्या बाजूला चष्म्याशिवाय दूरची नजर उत्तम लागते आणि रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. चष्मा असेल तर इंजिनची बाजू आहे. संस्थेचं नाव नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, आहे का, तोही तिथेच दिसतो. आणि स्पॉन्सरशिपचं पत्र हातात पडल्याशिवाय शेत विकू नका, कर्ज काढू नका. एजंटने कितीही गळ घातली तरी.