सावलीचे साक्षीदार

चंद्र रोहिणीला झाकतो त्याला पिधान म्हणतात, हे पंचांग चाळणाऱ्यांना ठाऊक असते. नेपच्यूनपलीकडे फिरणारे गोठलेले पिंडही असेच तारे झाकतात. चंद्राआड गेलेला तारा तासाभराने परत दिसतो, यांच्याआड गेलेला कधी कधी सेकंदभरातच. गेली काही वर्षे मी या पिधानांविषयी मिळेल ते वाचतो आहे. खगोलशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण त्रैराशिक येते, आणि या विषयात बरेचसे तेवढ्यावर भागते.

तारा इतका दूर असतो की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. म्हणून पिंडाची पृथ्वीवर पडणारी सावली पिंडाएवढीच असते. ती सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने सरकते. हा वेग मुख्यतः पृथ्वीच्या स्वतःच्या धावण्याचा. एखाद्याला तारा अर्धा सेकंद विझलेला दिसला, तर त्याच्या जागेवरून पिंडाची लांबी दहा-बारा किलोमीटर भरते. शेजारच्या निरीक्षकाकडून दुसरी रेघ मिळते. अशा रेघा एकाखाली एक मांडल्या की आकार उमटू लागतो. ज्याला काहीच दिसले नाही, त्याची नोंदही तितकीच कामाची, कारण पिंडाची कड त्याच्या अलीकडेच संपली हे तीच सांगते.

खरी अडचण उभे कुठे राहायचे ही. एका अंशाचे छत्तीस लाख भाग करा. साडेसहाशे कोटी किलोमीटरवर त्यातला एक भाग म्हणजे सुमारे ३१ किलोमीटर. ताऱ्याच्या किंवा पिंडाच्या स्थानात तेवढी चूक झाली, तर छोट्या पिंडाची अख्खी सावली शेजारच्या तालुक्यात जाते. युरोपच्या गाया उपग्रहाने ताऱ्यांची स्थाने काटेकोर मोजली, तेव्हा कुठे या शोधाला बळ आले.

२०१७ साली याची कसोटी लागली. न्यू होरायझन्स यान प्लूटो ओलांडून अशाच एका पिंडाकडे निघाले होते. आज त्याचे नाव अ‍ॅरोकोथ आहे. हबल दुर्बिणीतूनही तो नुसता ठिपका दिसे. यानाचा वेग सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर; पिंडाभोवती बारीक कचरा असता तर यान गमावण्याची भीती. म्हणून त्याने झाकलेल्या ताऱ्यांचा पाठलाग सुरू झाला. ३ जूनला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत वीसहून जास्त दुर्बिणी मांडल्या, पण एकीतही तारा विझला नाही. त्यावरूनही संशोधकांनी तर्क केला, की पिंड अंदाजापेक्षा लहान असावा.

१७ जुलैला पाटागोनियातल्या कोमोदोरो रिवादाविया शहराजवळ पुन्हा २४ दुर्बिणी लागल्या. वारा तिथला प्रसिद्ध. दुर्बिणींना आडोसा म्हणून मालट्रक उभे केले, रस्त्यावरचे दिवे मालवले, महामार्ग दोन तास बंद ठेवला. एका सेकंदासाठी गावाने एवढे करावे, हे मला त्या शोधाइतकेच मोठे वाटते. पाच दुर्बिणींना तारा विझलेला दिसला. पाच रेघांवरून आकार एकसंध गोल ठरेना. एक तर फारच लांबट पिंड, नाहीतर दोन पिंड जोडीने. १ जानेवारी २०१९ रोजी यान जवळून गेले, तेव्हा एकमेकांना चिकटलेले दोन चपटे गोळे दिसले.

एकाच जागेवरची नोंद किती सांगते आणि किती दडवते, याचे उदाहरण आपल्या देशातही आहे. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यावरून जाताना तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी प्रकाश मंदावल्याचे टिपले. त्यांनी तो युरेनसचा नवा उपग्रह मानला. त्याच वेळी हिंदी महासागरावर उडणाऱ्या अमेरिकी विमानातल्या दुर्बिणीला ग्रहाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरांवर असे खळगे मिळाले. उपग्रह दोन्हीकडे जोडीने कसा असेल? ती कडी होती. कावलूरची नोंद मात्र खरीच होती, आणि त्याच वर्षी भट्टाचार्य व वेणू बाप्पू यांनी या कड्यांवर निबंध प्रसिद्ध केला.

आता हीच युक्ती आणखी दूरच्या पिंडांभोवती कडी शोधते आहे. क्वाओअरभोवतीचे कडे २०२३ साली जाहीर झाले. त्यासाठी वापरलेल्या नोंदींत ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांच्याही होत्या. ते केंद्रापासून सुमारे ४१०० किलोमीटरवर आहे, म्हणजे रूढ गणितानुसार कडे टिकू शकते त्या मर्यादेच्या बरेच बाहेर. तिथल्या कणांचा एव्हाना उपग्रह व्हायला हवा होता.