जुनी गाडी: आधी पत्रा, मग इंजिन

गाडी जुनी झाली की पहिली चौकशी इंजिनाची. धूर किती, अ‍ॅव्हरेज किती? माझ्या मते आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो आणि धडकही झेलतो. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन पुरतात, पण पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि ही विद्युत-रासायनिक क्रिया वेग घेते. म्हणून रत्नागिरीची गाडी सोलापूरच्या गाडीआधी सडते. दाराखालच्या पट्टीत किंवा सस्पेन्शनच्या जोडापाशी स्क्रूड्रायव्हर आत घुसत असेल, तर वरची लांबी नि रंग हे नुसतं सोंग.

क्लच, बॅटरी, टायर झिजायचेच; त्यांच्या बिलापायी गाडी विकणं हा उतावीळपणा. ‘खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की विका’ हा ठोकताळाही अर्धवट आहे. समजा, 2 लाखांच्या गाडीला 1.25 लाखांची दुरुस्ती लागली आणि ती आणखी 3 वर्षं चालली, तर वर्षाला साधारण 42,000 रुपये पडतात. 10 लाखांच्या नव्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षी याहून जास्त उतरते. गेल्या वर्षी गॅरेजला दिलेले पैसे मात्र हिशेबात धरू नका. ते गेले.

गाडी 15 वर्षांची होत आली असेल, तर आरटीओची तपासणी, नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर हेही बेरजेत घ्या. नूतनीकरण 5 वर्षांपुरतंच मिळतं.