लस टोचण्याच्या सुयांचे निर्जंतुकीकरण

गुरांना लस टोचण्याची धातूची पिचकारी व सुया उकळून घेण्याचा प्रघात चांगला आहे. परंतु तेवढ्याने फऱ्या रोगाच्या जंतूंची बीजुके मरतातच असे नाही. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापत नाही, आणि तेवढ्या उष्णतेस ती दाद देत नाहीत. ऑटोक्लेव्ह ह्या बंद वाफपात्रात दाब चौरस इंचास १५ पौंड चढला म्हणजे वाफ १२१ अंशांवर पोचते. तेथे २० मिनिटे पुरतात. मात्र आरंभी आतील हवा तोटीवाटे पूर्णपणे निघून जाऊ द्यावी. हवा कोंडली तर काटा दाब दाखवितो, उष्णता मात्र कमीच राहते. पुष्कळांची फसगत होते ती येथेच. पिचकारीचे भाग सुटे करूनच आत ठेवावेत. जिवंत लस भरावयाची असल्यास पिचकारी स्पिरिटने धुऊ नये. आत राहिलेल्या थेंबांनी लसच निकामी होते.